तलावाच्या पाळीवरची रेंज

"पयले आपल्या घरचं पाहू." काहीही बिघडलं की तो हेच म्हणायचा आणि फोन शर्टाला पुसायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गावाची लाइट गेली तरी आधी स्वतःचा फ्यूज काढून बघणारी.

अड्याळकडच्या खेड्यांत मी घरोघरी इंटरनेटची लाइन देतो. तो माझ्याच लाइनवर होता. मायला लकवा झाला म्हणून पुण्याहून परत आलेला. लॅपटॉप बिघडल्यापासून तो तिच्या खाटेशी बसून मोबाइलवरच काम करायचा. एका ॲपमधून कंपनीच्या दूरच्या सर्व्हरला जोडून कोड लिहायचा. माय आल्यागेल्याला सांगायची, "पोरगा दिवसभर फोन खेळते, अन् म्हणे पगार येते!"

एक दिवस ॲप जोडेना. त्यानं ते काढून पुन्हा टाकलं, पासवर्ड बदलला, राउटर बंद-चालू केला. मग दुकानात आला.

"भाऊ, बाकी सारं चालते. घरी मोबाइलची रेंज नाही, पण तलावाच्या पाळीवर रेंजवर हे बी लागते. घरीच काहून लागत नाही? तुमच्याकडून काही बंद हाय का?"

दुकानात चार जण बसले होते. "मी कायले बंद करू? तुह्याच फोनात झोल असन," मी म्हणालो. सगळे हसले. तोही हसला. "बराबर. पयले आपल्या घरचं पाहू."

तो गेल्यावर मला आठवलं. व्हिडिओ अडकतात म्हणून लोक ओरडायचे, तेव्हा वेबसाइट आणि व्हिडिओ सोडून लाइनवरचं बाकी सगळं मीच बंद केलं होतं; त्याच्या ॲपचा रस्ताही त्यातच गेला. उघडणं एवढंसं काम. पण उघडताच त्याला कळलं असतं, आणि चारचौघांत मी 'नाही' म्हणून बसलो होतो.

मायजवळ पाण्याचा तांब्या ठेवून तो पाळीवर जाऊन बसू लागला. मी येता-जाता विचारायचोसुद्धा, "लागते का रे?"

"इथं लागते, भाऊ."

उन्हाळ्यात एका दुपारी माय तांब्याकडे सरकताना खाटेवरून पडली. तो घरी आला तेव्हा अंग गार झालं होतं.

तेरवीनंतर तो राउटर परत द्यायला आला. पुसलेला, वायर नीट गुंडाळलेली. "पुण्याले चाललो. माह्या घरातली खराबी काही सापडली नाही, भाऊ."

मी राउटर घेतला. 'बरं' म्हणालो.

त्या संध्याकाळी मी लाइन उघडली. त्याच्या दाराला कुलूप होतं. खांबावरून त्याच्या घरात गेलेली वायर मी अजून काढलेली नाही.