खंडूचं पातं आणि आत्मारामचं आर्मेचर

रत्नागिरीत मोटर जळो की जनरेटर, निकाल लागायचा खंडूच्या बाकावर. स्वतः बनवलेल्या ग्रोलरवर, म्हणजे विजेच्या मोठ्या चुंबकावर, तो आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता गाभा, ठेवायचा आणि वरून करवतीचं पातं फिरवायचा. वाइंडिंग आतून शॉर्ट असलं की त्या खाचेवर पातं थरथरून गुरगुरतं. खंडूने "शॉर्ट" म्हटलं की सगळी तार उकलायची. अपील नाही. पातं हाती घेण्याआधी सासऱ्याने दिलेलं घड्याळ मनगटावरून उतरवून खिळ्याला टांगायचं, कारण चुंबक घड्याळ बिघडवतं. हा तीस वर्षांचा नेम.

चौऱ्याऐंशी साली मुंबईहून आत्माराम उतरला. इस्त्रीची पँट, हातात मीटर. सहा महिन्यांत अर्धी गिऱ्हाइकं त्याच्याकडे. खंडू जेवायला बसला की भातापेक्षा आत्मारामलाच जास्त चावायचा. "अहो, माशाची चव तरी लागू द्या जिभेला," त्याची बायको आवडाबाई कातावायची.

एक दिवस बर्फाच्या कारखान्याचे दाजी जुन्या जनरेटरचं आर्मेचर घेऊन हजर. मागे आत्माराम.

"खंडू, ह्याने नवी तार भरलीय. तू हो म्हणालास तरच बसवतो."

"काका, माझ्या मीटरला कळत नाही ते तुमच्या पात्याला कळतं," आत्माराम म्हणाला. ही नम्रतासुद्धा मेल्याने मुंबईहूनच आणली असणार, असं खंडूला वाटलं.

त्याने पातं फिरवलं. गप्प. पुन्हा, हळूहळू. गप्प. तिसऱ्यांदा तो एकेका खाचेवर थांबला. गुरगुर गो बाय, एकदा तरी! "शॉर्ट" हा शब्द जिभेवर तयार होता. तो सुटला असता तर आत्मारामचं दुकान गणपतीपर्यंतही टिकलं नसतं. पण तीस वर्षं लोकांनी विश्वास ठेवला तो खंडूच्या जिभेवर नाही, ह्या पात्यावर. आणि पातं काही बोलेना.

"चांगलंय," खंडू पुटपुटला. मग राहवलं नाही. "वार्निश जरा पातळ मारलंस."

दाजी खो खो हसले. आत्माराम मात्र रिकाम्या खिळ्याकडे बघत होता. "काका, घड्याळ काढायचं राहिलं वाटतं."

खंडूच्या मनगटावरचे काटे अकरा दहावर थांबले होते.

दुपारी आवडाबाईने ते कानाला लावून पाहिलं. "अगोबाई! ह्याला काय झालं?"

"आत्मारामने बिघडवलं," खंडू म्हणाला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा भात चावून चावून जेवला.