वीस अंशांवरचं अंगण

इंदिरानगरच्या आमच्या रो-हाउससमोर जी जागा आहे तिला आम्ही अंगण म्हणतो. शेजारचे साहेब त्यांच्या तेवढ्याच जागेला पॅटिओ म्हणतात. त्यांच्याकडे प्लॅस्टरचे दोन सिंह आहेत आणि दसऱ्याला त्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा पडतात, त्यामुळे त्यांना तो शब्द शोभतो. आमच्याकडे मुरूम, कढीपत्त्याचं झाड आणि स्कूटर होती. तिथे फरशी बसवायची, आणि ती स्वतः कापून बसवायची, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं ते डॉक्टरांकडून परत येताना.

डॉक्टरांनी त्याच्या थरथरणाऱ्या उजव्या हाताला कंपवात हे नाव दिलं होतं. नाव नव्हतं तेव्हाही ती थरथर आमच्या घरात होतीच. चहाची बशी वाजायला लागली तेव्हा त्यानं बशी वापरणं बंद केलं. मग अर्धाच कप चहा मागू लागला. का, विचारलं तर म्हणाला, "ॲसिडिटी." तोंडावर मी त्याला अहो म्हणते, कागदावर एवढं जमत नाही.

जन्मभर तो अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. सुटे भाग ज्या साच्यांतून निघतात ते साचे तिथे बनतात. केसाएवढी चूक झाली तर तिथे ती चूक नसते, बेअब्रू असते. मी कॉलेजात इतिहास शिकवला, म्हणजे पन्नास वर्षं इकडची तिकडे झाली तरी दोन्ही बाजूंनी पुरावे देता येतात अशा धंद्यात होते. त्यामुळे भिंतीवरचं कॅलेंडर सरळ आहे की नाही, हे खातं आमच्याकडे कायम त्याचंच. दुसऱ्यांच्या घरीसुद्धा चहा येईपर्यंत तो उठून त्यांचं कॅलेंडर, लग्नाचे फोटो सरळ करून यायचा. लोक मला हळूच विचारायचे, "वास्तू बघतात का हे?"

निवृत्तीच्या समारंभात त्याला शाल, नारळ आणि काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. वरच्या साहेबांनी चिठ्ठीत बघून त्याचं नाव घेतलं आणि यांच्या हातात जादू आहे असं सांगितलं. स्मृतिचिन्हावरची अक्षरं तिरकी चिकटवलेली होती. घरी आल्यावर त्यानं ती ब्लेडनं काढली आणि सरळ रेषेत परत लावली. तेव्हा हात स्थिर होता.

"हाताचं व्हायचं ते होवो," रिक्षात तो म्हणाला. "डोकं शाबूत आहे ना? एक काम नीट करून ठेवतो."

कोटा फरशी आली, हिरवट राखी रंगाची. आधी गवंडी बोलावला होता. त्यानं पहिली ओळ लावली आणि दोन दगडांमध्ये सुतळी जाईल एवढी फट सोडली.

"ही काय फट?"

"सोडावी लागते काका. समदेच सोडतात."

"सगळे सोडतात म्हणून मी सोडू? नीट कापली तर फट कशाला राहील?"

"काका, फरशी हाय ही. घड्याळ नाय."

दुपारपर्यंत गवंडी गेला. जाताना फाटकाशी मला म्हणाला, "ताई, काकांना लेन्स लावून एखाद्या घड्याळाच्या दुकानात बसवा."

मग नवऱ्यानं कटर मशीन भाड्यानं आणलं. जानेवारी होता. नाशकात सकाळी पाण्यात हात घालवत नाही असे दिवस. मशीन हातात धरून सरळ रेषेत चालवणं त्याला शक्य नव्हतं, हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं. त्यानं लाकडी चौकट केली, तिला लोखंडी पट्ट्या मारल्या, आणि मशीन त्या पट्ट्यांमधून गाडीसारखं घसरेल असं केलं. "हातानं फक्त ढकलायचं," तो म्हणाला. "सरळ जायचं काम पट्टीचं." मी पात्यावर पाणी सोडायची. राखी चिखल उडून माझा गाऊन, कढीपत्ता, स्कूटर सगळं एका रंगाचं झालं. दगड बसवला की तो खिशातून फीलर गेज काढायचा. पोलादाची कागदाहून पातळ पाती असतात ती. त्यातलं सगळ्यात पातळ पातं जोडात घालून बघायचा. "जात नाही," असं तो म्हणायचा. दुसरे लोक मुलगा पास झाला हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात.

"थंडीत काम करायला बरं," एकदा तो म्हणाला. "आमची स्टँडर्ड रूम अशीच असायची. बारा महिने वीस अंश." शेवटची मापं त्या खोलीत घ्यायचे. उष्णतेनं पोलाद वाढतं, म्हणून उष्णतेला दाराबाहेर ठेवायचे.

घराच्या जोत्यापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत अंगण सलग झालं. शेजारचे साहेब बूट घालून पाहायला आले.

"अहो, जोडच दिसत नाही! इंपोर्टेड का?"

"कोटा."

"कोणाला सांगू नका. आणि हे बघा, आमच्याकडे तिसरा सिंह पडून आहे. पाठवू का?"

सिंह आला नाही. नवरा मात्र रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसू लागला. उजवा हात मांडीवर थरथरत असायचा आणि तो फरशीकडे बघत असायचा. चहा पुन्हा पूर्ण कप घेऊ लागला, दोन्ही हातांनी. ती दोन-अडीच महिन्यांची शांतता मला आज नको इतकी स्पष्ट आठवते.

एप्रिलमध्ये एका दुपारी बाहेर धाडकन आवाज झाला. मला वाटलं टायर फुटला. बाहेर आले तर अंगणाच्या मधोमध दोन ओळी उचलल्या जाऊन एकमेकींना टेकल्या होत्या, पत्त्यांचं घर करतात तशा. एक दगड आडवा तडकला होता. नवरा मागून आला, बनियनवरच. वाकून त्यानं फरशीला हात लावला आणि चटका बसून काढून घेतला.

"सिमेंट खराब लागलं असेल," मी म्हणाले.

"नाही. उन्हानं वाढली. जागाच ठेवली नाही मी."

"विसरलात. होतं असं."

"विसरलो असतो तर चाललं असतं. रुळांमध्ये फट का ठेवतात, हे सातवीतल्या पोराला विचारतात. आणि मी तुला तोंडानं सांगत होतो, वीस अंश, वीस अंश. सांगत होतो आणि मला सुचलं नाही." हाताकडे त्यानं बघितलं नाही. थरथरतं बोट कपाळाला लावलं. "आता हेही गेलं."

मी पुष्कळ बोलले. जन्मभर ज्या माणसाचं काम थंड खोलीत चाललं, उष्णता हे ज्याच्यासाठी दुसऱ्या कुणाचं तरी खातं होतं, त्याला ती अंगणात कशी आठवेल? राजेलोकांच्या घोडचुका मी वर्गात याहून कच्च्या पुराव्यावर माफ केल्या आहेत. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "पुरावा चांगला आहे," म्हणाला आणि आत गेला.

पुढच्या खेपेला त्यानं डॉक्टरांना सरळच विचारलं. या दुखण्यात काहींच्या बाबतीत पुढे बुद्धीवरही परिणाम होतो, डॉक्टर म्हणाले, पण एका फरशीवरून तसं सांगता येत नाही. होतो असं म्हणाले असते तर त्यानं ते सोसलं असतं. होत नाही असं म्हणाले असते तरी बरं झालं असतं.

मी त्याच गवंड्याला बोलावलं. उचललेल्या ओळी काढायच्या आणि बाकीच्या फरशीत ठरावीक अंतरावर मशीननं फटी पाडायच्या, एवढं काम. नवऱ्यानं केलेली लाकडी चौकट जिन्याखाली होती. ती कुणी मागितली नाही, त्यानंही दिली नाही.

"काका कुठंयत? बोलवा की. नायतर मागून येऊन फट मोजतील."

"झोपलेत," मी म्हणाले.

तो झोपला नव्हता. आतल्या खोलीत पलंगावर सरळ बसला होता. बाहेर पातं दगडात अडखळलं की त्याचे डोळे मिटत. संध्याकाळी गवंडी गेल्यावर मी खुर्ची बाहेर टाकली. ती अंधार पडेपर्यंत तशीच रिकामी राहिली, मग मीच आत आणली. चहा आता तो स्टीलच्या पेल्यात घेतो, अर्धा.

परवा महिना बदलताना कॅलेंडर माझ्या हातून तिरकं टांगलं गेलं. मी मुद्दाम तसंच ठेवलं. त्याची खुर्ची बरोबर समोर असते. त्यानं ते पाहिलं. पाहिलेलं मी पाहिलं. एक दिवस गेला, दुसरा गेला, तो उठला नाही. शेवटी मीच म्हणाले, "अहो, कॅलेंडर तिरकं झालंय का हो?"

तो बराच वेळ बघत राहिला.

"तूच बघ," म्हणाला. "माझं आता काही खरं नाही."

मी उठून जवळ गेले. चांगलं बोटभर तिरकं होतं.

"सरळच आहे," मी म्हणाले. त्यानं मान डोलावली.