माल कुठं संपला

बेबीनंदाला लग्नात जेवायला बोलावलं, की ती आधी भाताच्या पातेल्यात डोकावते आणि "एवढ्यात पंगत उरकत न्हाई," असं सांगून मोकळी होते. यजमान चिडतात, पण मागच्या चुलीवर गुपचूप वाढीव तांदूळ शिजायला ठेवतात. तीर्थपुरीच्या तातेराव ठेकेदारांकडे रस्त्याला किती माल लागेल ते काढणं, हे तिचं काम. लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार करायचा, खडी-डांबराचं वजन धरायचं, की टन हातात. त्यात ती तरबेज.

पण या वेळचा रस्ता तिच्या माहेरचा होता. चावडीपासून निघून बौद्धवस्तीत तिच्या आईच्या, गिरिजाबाईंच्या दारात संपणारा. निदान कागदावर तरी. आजवर दोनदा काम झालं आणि दोन्ही वेळा वस्तीच्या अलीकडंच माल संपला. खड्ड्यांनीच जास्त खाल्लं, म्हणत सगळ्यांनी हात वर केले. आता "रस्ता येणार" म्हटलं की वस्तीतली माणसं नुसती हसत. त्या हसण्याचा बेबीनंदाला भयंकर राग यायचा.

म्हणून तिनं काठी घेऊन एकेक खड्डा स्वतः मापला. फक्त चावडीपुढं उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या, तिथं नजरेनंच भागवावं लागलं.

कामाच्या दिवशी सरपंच रामरावांनी चावडीपुढं नारळ फोडला. डांबर अंथरायचं मशीन तिथंच उभं होतं. बेबीनंदा म्हणाली, "मशीन वस्तीकडं घ्या. सुरुवात तिकडून."

"आन् ते काहून?" रामरावांनी विचारलं.

"तिकडून इकडं येत राह्यलं तर डंपर ताज्या डांबरावरून जात न्हाईत."

बोलणं बिनतोड होतं. तातेरावांनी मान डोलावली. रामरावांचीही हरकत नव्हती, नारळाचा मान मिळाला होता.

सकाळीच गिरिजाबाईंच्या दारात वाफाळता काळा रस्ता पडला. लेकीला काय आनंद झाला म्हणून सांगू! तिनं उभ्याउभ्या दोन कप चहा ढोसला.

दुपारी चावडीच्या तोंडाशी माल संपला. ट्रॉल्यांखालची जमीन चांगलीच खचलेली निघाली. बेबीनंदाचा अंदाज सपशेल चुकला होता. तातेरावांनी डोळे वटारले.

रामराव मात्र चावडीला लागूनच असलेल्या आपल्या घराच्या दारातले उघडे खड्डे बघून उखडले. "संपला म्हंजे? मागवा ना जल्दी!"

लगेच फोन गेला. ऊन उतरायच्या आत भरलेला डंपर हजर.

गलका ऐकून गिरिजाबाई नव्या रस्त्यानं चालत आल्या. डंपरकडं बघत त्यांनी रामरावांना सरळ विचारलं, "मंग आमच्या टायमाला ह्यो काहून न्हाई आल्ता?"

रामराव डंपरवाल्याला हात दाखवत मागं घे, मागं घे, असं ओरडत राहिले.