आप्पांच्या गाडीचा चातुर्मास

"आधी गाडीला गाळलेलं पाणी, मग मालकाला," असं म्हणत आप्पा सकाळी धोतराचा सोगा खोचून गाडीपुढं उभे राहायचे. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात दुहेरी घडीचं पांढरं फडकं. रेडिएटरच्या तोंडावर फडकं धरायचं आणि देवाला अभिषेक करावा तशी बारीक धार सोडायची. मग फडकं उलटं करून त्यावर राहिलेलं पाणी विहिरीत सोडायला स्वतः जायचं. "त्यातल्या जिवांस्नी घरी पोचवायला नगं व्हय?" गाडी तोवर उभी, मीही उभा. त्या इंजिनात उकळून मरायला एकही जीव उरत नसे, माझा एक सोडला तर.

तुम्ही म्हणाल, ही काय गाडी वापरायची तऱ्हा झाली? तेच सांगतोय. आजकाल आमच्या गल्लीत कुणी गाडी घ्यायला निघाला की आधी माझ्याकडं येतो. कुठली घेऊ, किती पळंल, रंग कुठला शोभंल. माझा जन्म गाडी चालवण्यात गेला म्हणून विचारतात, आणि मग मेव्हणा सांगेल ती घेतात. कारण मला जे कळतं ते आप्पांनी शिकवलेलं, आणि आप्पांना गाडी चालवता येत नव्हती. माझं सगळं ऐकून घेणारी एकच होती, माझी बायको, ती गेल्या पावसाळ्यात गेली. आता तुम्ही ऐका.

आप्पा सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावातले जैन शेतकरी. ऊस, गुऱ्हाळ, सांगलीच्या पेठेत गुळाचा व्यवहार. मी कडेगावकडचा. प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर होतो, तिथून आप्पांनी मला उचलला. दुसऱ्या जागतिक लढाईचे दिवस होते. नवी गाडी औषधालाही मिळत नव्हती. साताऱ्यात एक वकील आपली जुनी विकतायत असं कळल्यावर आप्पा मला घेऊन निघाले.

वकीलसाहेबांनी मोठ्या हौसेनं बॉनेट उघडलं. आप्पांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही.

"रातची कुठं बांधता?"

"बांधायला ती काय म्हैस आहे? तिथं, छपरात उभी करतो."

आप्पा त्या छपरात जाऊन उकिडवे बसले. गाडी जिथं उभी राहायची तिथली माती चिमटीत घेतली, चोळली, हुंगली. मला म्हणाले, "गाडी धुऊन पुसून दावता येतीया. जमीन कोण धुतंय? तेल गळत न्हाई." मग परसात जाऊन विहिरीचा रहाट फिरवला. रहाट मुका होता. "ज्याचा रहाट कुरकुरतोय, त्यानं गाडीला वंगण घातलं नसतंय. ह्यो घालतोय. घेऊ या."

आता राहिला भाव. आप्पांनी आयुष्यात फक्त बैल विकत घेतलेले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं सोडलं, वकिलांच्या हातावर टाकलं आणि त्याच्याआड त्यांची बोटं धरली. बैलबाजारात भाव असाच होतो, बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. वकीलसाहेब इंग्रजी शिकलेले. परका माणूस उपरण्याखाली आपला हात चेपतोय म्हटल्यावर ते लाजले.

"अहो, हे काय करताय?"

"भाव करतोय की."

हात सोडवून घ्यायला म्हणून त्यांनी झटका दिला, त्यात दोन बोटं आप्पांच्या मुठीत राहिली. "ठरलं!" आप्पा म्हणाले. भाव काय ठरला ते वकिलांना मागाहून मला बाजूला घेऊन विचारावं लागलं.

तर पहिला सल्ला घ्या. गाडी बघायला गेलात की गाडी सोडून बाकी सगळं बघा. आमच्या गल्लीतल्या एकानं मागच्या वर्षी गाडीचा फक्त आरसा बघितला, तोही भांग पाडायला. ती गाडी आता कोंबड्या वापरतात.

चालवण्याबाबत आप्पांचं शास्त्र याहून सरस. पेट्रोल कुपनावर मिळायचं, त्यामुळं प्रत्येक उतारावर मागून आवाज यायचा, "इंजिन बंद कर रं! उताराला बैल वैरण मागतोय व्हय?"

"आप्पा, नुसत्या ब्रेकवर गाडी पेलत नाही. इंजिनाचा धरबंध लागतो. थांबायची कशी?"

"चढ येईल की फुडं!"

हे मी कधी ऐकलं नाही, म्हणून आज लिहायला जिवंत आहे.

दिवस मावळायच्या आत जेवण हा त्यांचा धर्म. लोक मोटार घेतात ती लवकर पोचायला. आप्पांनी ती लवकर निघायला घेतली. पेठेत इतरांचा व्यवहार रंगात यायचा आणि आप्पा उन्हाकडं बघत उठायचे. गाडीचे दिवे कधी लावायचेच नाहीत, कारण दिव्यावर किडे येऊन मरतात. दोन्ही दिव्यांना काकींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, खादीच्या पिशव्या शिवल्या होत्या. तेव्हा लढाईमुळं दिवे झाकायचा हुकूम निघाला होता. एकदा पोलीस आमची गाडी थांबवून खूश होऊन म्हणाला, "वा शेट! सरकारचा हुकूम लय चांगला पाळलाय."

"सरकारचा न्हाई साहेब," आप्पा म्हणाले, "पाकोळ्यांचा."

आणि वर चातुर्मास. पावसाळ्याचे चार महिने एका जागी राहायचं, जीवजंतू तुडवायचे नाहीत, हा खरा नेम जैन मुनिमहाराजांचा. आप्पांनी तो स्वतः घेतला आणि गाडीलाही दिला. आषाढ लागला की गाडी विटांवर चढायची. चारी चाकं अधांतरी. गाडी उपासाला बसायची आणि मी म्हशी धुवायला. लोक विचारायचे, "ड्रायव्हर, आज कुठली गाडी?" मी म्हशीकडं बोट दाखवायचो. पण खरं ते सांगतो. त्या दिवसांत जगाला टायर मिळत नव्हते, लोक टायरात गवत कोंबून फिरत होते, आणि आमचे टायर विकत घेतले तसेच होते. ज्याला गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची आहे त्यानं ती विटांवर ठेवावी. देवभक्ती असो नसो.

माझं लग्न होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. आप्पांच्या मळ्यातच एका खोलीत आम्ही राहायचो. भाद्रपदात बायको बाळंतपणाला अडली. पहिलटकरीण. आदल्या दिवसापासून कळा, आणि मूल काही खाली येईना. दिवस कलताना सुईण बाहेर आली आणि हात पुसत म्हणाली, "माज्या हातात न्हाई आता. मिरजंच्या दवाखान्यात न्या. बैलगाडीनं नेऊ नगा, वाटंतच जाईल."

मी धावत आप्पांच्या दारात गेलो. ते जेवायला बसले होते. ऊन भिंतीवरून वर सरकत चाललं होतं. मी काही मागितलं नाही. नुसता उभा राहिलो. गाडी पलीकडं छपरात विटांवर.

"पोरगी कशी हाय?" आप्पांनी विचारलं.

"सुईण न्हाई म्हणती."

आप्पांनी ताटाला हात जोडले आणि उठले. भाकरी अर्धीसुद्धा मोडली नव्हती. आता दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत पोटात पाणीदेखील जाणार नव्हतं. काकी म्हणाल्या, "आवं, चार महिने गाव सोडणार न्हाई म्हणून देवाम्होरं बोललाय न्हवं?"

"मी बोललोय. ती कुठं बोललीया?"

मग गडी गोळा झाले. गाडी उचलून विटा काढल्या. हँडल मारून मारून माझे खांदे उतरले तेव्हा कुठं आषाढापासून झोपलेली गाडी खोकली. बायकोला मागच्या सीटवर घेतली, सुईण शेजारी. तोवर अंधारून आलं. आप्पांनी एका दिव्याची पिशवी स्वतःच्या हातानं काढली आणि मला म्हणाले, "एकच लाव."

मला वाटलं आता ते शेजारी बसतील. आप्पा पुढच्या मडगार्डवर चढले. धोतर खोचून, पाय बंपरवर टेकून, एका हातानं दिव्याची दांडी धरली. दुसऱ्या हातानं उपरणं सोडलं आणि दिव्यापुढं वारा घालायला लागले. किडे यायचे, आप्पा हाकलायचे. लग्नात नवरदेवाच्या मागं चवरी ढाळतात तसं.

"आप्पा, पडाल! सावकाश घेऊ व्हय?"

"माझ्याकडं बघू नगंस, रस्त्याकडं बघ. घे जोरात!"

जोरात घेतली की उपरणं तोंडावर गुंडाळलं जायचं. ते एका हातानं सोडवायचे, परत वारा. चिखलातनं गाडी उडाली की आप्पा गाडीपेक्षा वर उडायचे. आणि मागं कळांनी अर्धमेली झालेली माझी बायको ते बघून हसली. खुदकन हसली. सुईण म्हणाली, "हसतीया म्हंजे जगंल." मी पुढं बघून चालवत होतो. पुढचं मला काही नीट दिसत नव्हतं, त्याला दिवा कारण नव्हता.

दवाखान्यात पोचल्यावर तिला आत नेली. बऱ्याच वेळानं नर्स सांगत आली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मी अंगणात आलो. आप्पा फूटबोर्डवर बसले होते. मिशीत किडे, कपाळाला चिखल, डोळा सुजलेला.

"पोरगी झाली आप्पा. दोघी हाईत."

"हाईत न्हवं? बास."

मी म्हणालो, "लय किडं मेलं असतील वाटंत."

"मेलं की," आप्पा म्हणाले. "त्याचं मी बघतो. तू आत जा."

त्यांनी बघितलंच. नेम मोडला म्हणून चातुर्मास संपताच महाराजांकडं पायी गेले, प्रायश्चित्त घेऊन आले, उपास करून वाळून काटकी झाले. पण त्या वर्षापासून गाडी कधी विटांवर चढली नाही. पावसाळ्यात ती रस्त्याकडं तोंड करून उभी असायची, गावातल्या अडल्यानडल्यासाठी. आप्पा स्वतः मात्र चार महिने तिला हात लावत नसत. गावानंही उपकार लगेच फेडले. पोटात कळ आली म्हणून मिरजेला नेलेला एकजण परत येताना नवा कंदील घेऊन आला. मी आप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "असू दे. कळ कशाची व्हती ती आपल्याला काय ठावं?"

लढाई संपली. पेट्रोल अजून कुपनावरच होतं. एका श्रावणात आप्पांची लघवी अडली. सांगलीचा डॉक्टर येऊन म्हणाला, आजच्या आज मिरजेला न्या, ऑपरेशननं बरे होतील. मी गाडी दारात आणून इंजिन चालू ठेवलं. आप्पा सोप्यात भिंतीला तोंड करून पडले होते.

"कार्तिक हुंदे," ते म्हणाले.

काकी रडल्या. त्यांच्या पोरांनी पाय धरले. शेवटी माझी बायको पोरीला कडेवर घेऊन आत गेली.

"आवं आप्पा, उठा. गाडी दारात हाय."

"नेम हाय बाई."

"मला न्यायला उठलासा न्हवं भरल्या ताटावरनं? तवा कुठं गेलता नेम?"

"तवा मोडला. दुसऱ्यासाठी मोडला, त्याचं फेडलं. आता स्वतःसाठी मोडू व्हय?"

ती बाहेर आली, गाडीचं मागचं दार उघडलं आणि पोरीला घेऊन आत बसली. मला म्हणाली, "त्यास्नी घेतल्याबिगर मी उतरत न्हाई."

आतून निरोप आला, "त्याला म्हणावं गाडी बंद कर, पेट्रोल जळतंय." मी बंद केली नाही. उतारावरचा सोडला तर मालकाचा मी मोडलेला तो एकच हुकूम. लोक येत होते, आत डोकावत होते, परत जात होते. बॉनेटमधून वाफ यायला लागली.

आप्पा उठले नाहीत, त्याच आठवड्यात वारले. पण मला दिसते ती त्या दिवसाची संध्याकाळ. टाकीतलं पेट्रोल संपलं, गाडीनं दोन आचके दिले आणि गप झाली. दारात एकदम शांत. मी मागं वळून बघितलं. पोरगी मांडीवर झोपली होती, बायको ताठ बसली होती.

"उतर आता," मी म्हटलं.

"त्यास्नी येऊ द्या," ती म्हणाली.