कोरा ब्रॅकेट

चहाचा कप माझ्यापुढे सरकवताना मिस्त्री वाकून विचारायचे, "बघून घ्या सायेब. पडला-बिडला न्हाय न्हवं?" कारखान्यातले सगळे हसायचे. मी हसत नसे.

तुम्हाला हा साधा टोमणा वाटेल. त्यामागे एक दुपार होती.

शिरोलीच्या आमच्या कारखान्यात पंपाचे भाग बनायचे. एकदा एका मधल्या कंपनीमार्फत देशी बनावटीच्या जेटचं काम आलं. नव्या वैमानिकांना शिकवणारं, वेळ पडली तर हल्लाही करणारं विमान. त्याच्या चाकांचं झाकण धरून ठेवणारा ब्रॅकेट आम्ही करायचा होता. मशीनवर तो घट्ट पकडायचं फिक्श्चर मिस्त्रींनी स्वतः बनवलं. पहिला नग त्यांनी नव्या सुनेला पाटावर बसवावं तसा माझ्या टेबलावर ठेवला.

तपासायला त्या मधल्या कंपनीचा माणूस आला. ब्रॅकेटच्या भोकाचं माप तपासायचा गेज त्याच्या हातून फरशीवर पडला. त्यानं तो रुमालानं पुसून भोकात घातला. जाईना. गेजची कड ठेचली होती. ते त्याला दिसलं आणि मला दिसलं. मिस्त्री पाठमोरे होते, त्यांनी फक्त आवाज ऐकला.

"पंपच करा तुम्ही," तो माणूस म्हणाला.

मिस्त्री माझ्याकडे वळले. "सायेब, गेज पडला न्हवं? आपला गेज लावून बघा की."

तपासणी माझ्याकडे होती. ऑर्डर हातची जाईल म्हणून मी घाबरलो. म्हणालो, "मी नाही पाहिलं."

कागदावर 'कारागिराची चूक' असा शेरा आला आणि मिस्त्री परत पंपावर गेले. पुढचे ब्रॅकेट त्यांच्याच फिक्श्चरवर दुसऱ्याच्या हातून झाले, पासही झाले. तो माणूस गुपचूप नवा गेज घेऊन आला होता.

तेव्हापासून मिस्त्रींनी माझी पाठ सोडली नाही. लेकीच्या लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवलं, स्वतः जिलबी वाढली आणि भरल्या मांडवात विचारलं, "पडली-बिडली न्हाय न्हवं?" मला त्यांचा संताप यायचा. पण त्यांच्यासारखा हात कारखान्यात दुसरा नव्हता. पंपाच्या भागालाही ते विमानाचं माप देत.

दर खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत ते तो नापास ब्रॅकेट मांडत. पहिल्या वर्षी मालक त्याला कुंकू लावायला गेले तर मिस्त्रींनी हात धरला. "थांबा मालक. ज्यानं गेज पडताना बघितला, त्यो लावंल." मी नारळाकडे बघत राहिलो. पुढेही दरवर्षी बघत राहिलो.

ते विमान उडालेलं आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. मालकांनी पेढे वाटले. मिस्त्रींनी आपला पेढा माझ्या टेबलावर ठेवला. "तुमीच खावा सायेब. इमान तुमचं हाय."

तो पेढा मी खाल्ला नाही, टाकलाही नाही. कागदात गुंडाळून खणात ठेवला.

गेल्या श्रावणात मिस्त्री गेले. खंडेनवमीला त्यांच्या पत्नी कोडोलीहून आल्या आणि फडक्यात बांधलेला ब्रॅकेट त्यांनी पूजेत मांडला. "ह्येला सायबांच्या हातचं कुंकू लागायचं ऱ्हायलंय, एवढंच सांगून गेल्यात," त्या म्हणाल्या.

मी खणातून आमचा गेज काढला. सगळ्यांसमोर भोकात घातला. लोण्यात सुरी जावी तसा गेला. "गेज पडला होता," मी म्हणालो. "मी बघितला होता. मी खोटं बोललो."

मी कुंकवाची चिमूट घेऊन वाकलो.

मिस्त्रींच्या पत्नींनी ब्रॅकेट माझ्या हाताखालून उचलला.

"ऱ्हाऊ द्या सायेब. ज्यांनी बघायचं, ते गेलं. आता ह्यो कोराच ऱ्हाऊ दे."

फडक्याची गाठ मारून त्या फाटकाबाहेर पडल्या. मालकांनी आरती सुरू केली. माझी चिमूट अजून बोटांतच होती.