बोकडाचा कान

पारोळ्याजवळच्या गावात माझे थोरले चुलतभाऊ शेळ्या पाळतात. गेल्या वर्षी त्यांचा गोठा 'प्रमाणित' झाला, तेव्हा मी जळगावहून मुद्दाम गेलो. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने गोठ्यासमोर मंडप घातला होता. मंडप गोठ्यापेक्षा मोठा होता आणि त्यात पंखाही होता, तो शेळ्यांना नव्हता.

भाषणांतून एवढं कळलं की यापुढे मुंबईचा ग्राहक मटण खाण्याआधी बोकडाचा जन्म, लसी आणि पत्ता विचारणार. त्यासाठी प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला हवा. फोटोसाठी आज चारच जनावरांना बिल्ले मारू, बाकीच्यांना नंतर, असं संस्थेचे साहेब म्हणाले.

आता पाहुण्यांपुढे कोणी पोचे आलेली भांडी काढत नाही. भाऊंनी बकरी ईदसाठी राखलेले चार देखणे बोकड पुढे आणले. वहिनींनी त्यांना वर्षभर हातानं हरभऱ्याची चुणी चारली होती. बिल्ले मारायचा चिमटा चारदा वाजला, फोटो निघाले, नारळ फुटला. साहेब गेले. मांडववाला पंखा काढून घेऊन गेला.

ईदच्या आधी पारोळ्याचे व्यापारी चाचा आले. भाऊंचे बोकड दरवर्षी तेच नेतात, आणि घराचा वर्षाचा मोठा खर्च त्या विक्रीवरच निघतो. चाचांनी पहिल्या बोकडाचे दात पाहिले, शिंगं पाहिली, पाठीवर थाप मारली. मग हात कानावर गेला आणि तिथंच थांबला.

"भाऊ, हाई काय करं?"

"परमान शे, चाचा!" भाऊंनी आतून प्रमाणपत्राची चौकट आणली. "रोगबिग काही नही. बठ्ठं लिखेल शे."

"मना तुमनावर भरोसा शेच. पन कुर्बानीना बोकडना कान साबूत पायजे."

"येवढंसं तं भोक शे!"

"मौलानाले विचारं तं तो चालस म्हनी. पन गिऱ्हाईक धरमना मसला विचाराले येत नही, बोकड दखाले येस. आनि शेजारना बोकडना कान साबूत ऱ्हास."

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "बोकडना कसाले, तुमनाच कान टोचाले पायजे व्हता."

चाचा हसले नाहीत. हसले असते तर सौदा जुळण्याची थोडी आशा होती. त्यांनी बिनबिल्ल्याचे दोन हडकुळे बोकड घेतले आणि चौघांकडे पुन्हा एकदा हळहळून पाहिलं. त्यांतला एक पुढे पारोळ्याच्या एका मास्तरांनी मौलानांना विचारून घेतला. उरलेले तीन बाजारात खाटकाच्या भावानं गेले. मुंबईच्या ग्राहकानं अजून पत्ता विचारलेला नाही.

प्रमाणपत्र फुकट गेलं, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या निमित्तानं वेळेवर लसी झाल्या, शेळ्यांना जमिनीपासून उंच कोरडी फळी मिळाली, आणि पावसाळ्यात करडं पूर्वीइतकी दगावली नाहीत. पण हे सगळं गोठ्यात घडलं. चौकटीनं त्यात काही केलं नाही. ती भिंतीवर होती.

यंदा साहेब नूतनीकरणाला आले, तेव्हा योगायोगानं मी तिथंच होतो. मंडप नव्हता. साहेबांनी पिशवीतून बिल्ल्यांचा चिमटा काढला. भाऊंनी त्यांना आधी बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "बिल्ला गळ्यात बांधला तर?"

"नियमात कान आहे."

"बोकडं सोडून फक्त शेळ्यांना मारा."

"नियमात सगळी जनावरं आहेत."

"मंग राहू द्या, साहेब. चाचाले बी नियम शे. आनि तो दरसाल येस."

साहेबांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी जळगावचा, म्हणजे शहाणा असणार, असा त्यांचा समज असावा. मी चहाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी चिमटा पिशवीत ठेवला. त्यांच्याबरोबर पशुवैद्य आले होते. भाऊंनी त्यांना गोठ्यात नेलं आणि सगळ्या जनावरांना लस तेवढी टोचून घेतली, ईदच्या बोकडांनासुद्धा. त्या वेळी वहिनी एकेका बोकडाचे दोन्ही कान मुठीत धरून उभ्या होत्या.