वरच्या साळखात्यातली बदली

मेल्यानंतर माणसाचं नेमकं काय होतं, याची खात्रीलायक माहिती घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या अख्ख्या पट्ट्यात एकाच माणसाला होती, आणि तो माझ्या नवऱ्याचा मामा होता. बाकीचे लोक पोथ्या वाचायचे, कीर्तनाला जायचे आणि तरीही अंदाजच बांधायचे. मामा मात्र कालच तिकडे जाऊन आल्यासारखे बोलत. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्या भांडुपच्या घरी गेले, तेव्हा ते शेजारच्या कुणाला तरी स्मशानात पोचवून, आंघोळ करून नुकतेच टेकले होते. मी नमस्काराला वाकले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वादाच्या सुरात म्हणाले, "बरो गेलो गो. पयल्या पाळीक लागतलो." नव्या नवरीला हा असला आशीर्वाद! मी नवऱ्याकडे बघितलं, तर तो पोहे खाण्यात गर्क. त्याला बिचाऱ्याला हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं होतं.

मामा मूळचे मालवणकडचे. उभा जन्म परळच्या एका गिरणीत, साळखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात गेला. मागाला गिरणीत साचा म्हणतात. मामा ते साचे चालवत. संपानंतर गिरणीचा दरवाजा काही त्यांच्यासाठी पुन्हा उघडला नाही, आणि ते भांडुपलाच एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून बसू लागले. दिवसभर स्टुलावर बसून माणसाने करायचं काय? मामांनी एक जग उभं केलं. त्याचं नाव वरलं साळखातं. ते आरे कॉलनीच्या डोंगरामागे, ढगांच्याही वर होतं. तिथे दोन सूर्य, एक पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या पाळीचा. रातपाळीला चंद्र, तोही महिन्यातून एकदा हटकून खाडा करणारा. नदीतून पाण्याऐवजी पिंजलेला कापूस वाहायचा. कारभार बघायला आठ हातांचा जॉबर, म्हणजे मुकादम. त्याचे सहा हात कामाला आणि उरलेले दोन कायम तंबाखू मळायला. जीव म्हणजे धागा. माणूस मेला की धागा तुटतो, आणि तुटल्या जागी जॉबर दुसरा धागा गाठ मारून जोडतो. ती गाठ म्हणजे आपली बेंबी. "नायतर पोटार गाठ कित्याक असती?" असं मामा विचारत, आणि ऐकणारा नकळत स्वतःची बेंबी चाचपून बघे. पापपुण्याचाही चोख बंदोबस्त होता. सरळ माणसाची मलमल विणायची, लबाडाचं जाडंभरडं मांजरपाट आणि घरमालकांचं सरसकट गोणपाट.

माझे सासरे कचेरीतून निवृत्त झालेले, रोज पोथी वाचणारे. त्यांनी एकदा मामांसमोर चौऱ्याऐंशी लक्ष योनी काढल्या. मामांनी शांतपणे चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "भावोजी, इतके साचे बसवूक जागा खंय असा?" सासऱ्यांनी पोथी मिटली ती त्या दिवसापुरती उघडली नाही. आणखी एकदा आम्ही सगळे आरेतून बसने चाललो होतो. तबेल्याबाहेर एक म्हातारा रेडा रवंथ करत बसलेला दिसला, तसे मामा भर बसमध्ये उभे राहिले आणि त्यांनी त्याला हात जोडले. "यमाचो रेडो. रिटायर झालो बिचारो." कंडक्टर म्हणाला, "काका, तुम्ही बसा आता, त्याला पेन्शन चालू आहे." मामांना कंडक्टर फार आवडला. आणि ओळखीत कुठे मूल जन्मलं की मामा तिथे हजर. झोपेत तान्हं बाळ हसलं की आपण म्हणतो सटवाई हसवते. मामांचं म्हणणं, वरची मंडळी गेटवरून टाटा करतात. मग ते बाळाच्या कानाशी लागून अगदी गंभीरपणे विचारत, "वर जॉबर तोच असा मां अजून?" बाळाने जांभई दिली तरी त्यांना उत्तर मिळायचं.

या सगळ्या कारभारातला मामांचा लाडका शब्द म्हणजे बदली. "वरून बदली निघाल्याबिगर कोण खाली येणा नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझे वडील सरकारी नोकर. माझं बालपण दर काही वर्षांनी ट्रंका बांधण्यात गेलं. त्यामुळे बदली म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. हुकूम निघतो, आणि तोच माणूस आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी हजर होतो. जिवाचंही तसंच असणार.

मामी मात्र या गप्पांत कधी पडत नसत. शेजारी बसून तांदूळ निवडत आणि मधूनच एकच प्रश्न विचारत, "आमच्या रतनच्या बदलीचा काय?" रतन ही त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांची असताना तापाने गेली आणि पुढे मूल झालं नाही. हा प्रश्न आला की इतका वेळ धो धो बोलणारे मामा "गेट उघडूक नाय अजून," असं काहीतरी पुटपुटत आणि चपला शोधू लागत. मला वाटे, हे एवढं जग त्यांनी बहुधा या एका प्रश्नासाठीच उभारलंय, आणि नेमकं त्याचंच उत्तर त्यांच्याकडे नाही.

मग मला दिवस गेले. सातव्या महिन्यात मामी आमच्याकडे मुलुंडला आल्या त्या डबाभर नारळाचे लाडू घेऊन. डब्याबरोबर जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली लाल कुंची होती, तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात ती. "रतनची ती," मामी म्हणाल्या. "बदली येतली, तिका व्हयी मां." आणि हसल्या. मामींना मी तोवर हसताना पाहिलं नव्हतं. म्हणजे रतनची बदली झाली, आणि तीही माझ्या पोटी!

मुलगीच झाली. त्यात माझ्या नवऱ्याला बहीण नाही, म्हणून बारशाला आत्याचा मान मामींना द्यायचा, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून जे सांगेल ते बाळाचं नाव. मी केतकी ठरवलं होतं. मामी रतन म्हणाल्या तर? आणि प्रश्न नुसता नावाचा नव्हता. उद्यापासून ही मुलगी कुणाची, असा होता. नाही म्हणावं तर त्या माउलीचं मन मोडणार, आणि हो म्हणावं तर मी काय करायचं? शेवटी मामा बाळाला बघायला आले तेव्हा मी त्यांनाच गाठलं. म्हटलं, "मामा, हे सगळं तुम्हीच रचलंय ना? मग तुम्हीच एखादा नियम काढा. मामींना सांगा, ही केतकी आहे, माझी आहे." "नियम माझो नाय गो, खात्याचो," मामा म्हणाले. "तू भिया नको." याने माझी भीती दुप्पट झाली.

बारशाच्या दिवशी घर बायकांनी भरलं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या करत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं. लाल कुंचीत ते इतकं गोड दिसत होतं की मला रडू यायला लागलं. मामी पाळण्यात वाकल्या. मीही त्यांच्या इतकी जवळ वाकले की आमची डोकी आपटायचीच बाकी होती.

"कुर्रर्र... केतकी."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तोंडातून निघूनच गेलं, "मामी, रतन नाही?"

मामींनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "रतन खंयची? रतन गेली गो. ही तिची बदली. बदलीवाल्याक आपला नाव असता."

माझा चेहरा बघून दारात उभे असलेले मामा म्हणाले, "सूनबाय, मी किती वर्षा बदलीत काढलंय. रोज सकाळी गेटार उभो. कोण आजारी पडलो, कोण गावाक गेलो, तर त्या दिसाक तेच्या साच्यार मी. साचो तेचो, माणूस मी. मी कधी तेचा नाव लावलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात बदली म्हणजे तोच माणूस दुसऱ्या गावी. गिरणीत बदली म्हणजे न आलेल्याच्या जागी दुसरा माणूस. इतकी वर्षं मामी रतन परत कधी येते हे विचारतच नव्हत्या. ती येणार नाही, हे त्यांना माझ्याहून पक्कं ठाऊक होतं. तिच्या रिकाम्या जागी कुणी येईल का, आपल्या हातांना पुन्हा काही काम मिळेल का, एवढंच त्या विचारत होत्या. मी बाळ उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत गुद्दे घालतात. मामींच्या पाठीत घालायला कुणाचा हात उठेना. "मारा गो! मान दिलास तो फुकट?" मामी ओरडल्या. तरी कुणी हलेना. तेव्हा बायकांच्या गर्दीतून वाट काढत मामा आत आले, मूठ वळून त्यांनी ती मामींच्या पाठीवर हलकेच टेकवली, आणि मग मूठ उघडून हात तिथेच राहू दिला. "जोरान मारा ओ," मामी म्हणाल्या. मामांना काही ते जमलं नाही. मामी हसता हसता रडायला लागल्या, आणि सगळ्या बायका डोळे पुसत एकदमच त्यांच्यावर तुटून पडल्या.

त्यानंतर मामींनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. केतकीचं बालपण मुलुंडपेक्षा भांडुपलाच जास्त गेलं. तिला भरवताना मामी तिला केतकीच म्हणत, आणि कधी रतनच्या गोष्टी सांगत, त्याही मोठ्या बहिणीच्या सांगाव्या तशा. पुढे आधी मामी गेल्या, मग मामा. वरच्या खात्याचा एवढा मोठा पसारा मामांनी मला सांगितला, पण गेलेली माणसं तिथे एकमेकांना भेटतात का, आईबापांना त्यांचं चार वर्षांचं लेकरू ओळखतं का, याचा नियम काही सांगितला नाही. मी विचारला असता तर बशीतला चहा संपायच्या आत सांगितला असता. आता मला तो नियम फार हवासा वाटतो, आणि सांगणारं कुणी नाही.